थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी

म्हाताऱ्या माणसाला दात बसवायचे तर आधी त्याला तोंड उघडायला सांगावं लागतं, आणि एकदा उघडलेलं ते तोंड बंद करणं भल्याभल्यांना जमत नाही, ही कवळीच्या धंद्यातली जुनी अडचण. त्या गल्लीत कवळ्यांचं दुकान एकच. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली: एक लांब टेबल, प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेली फळी, आणि गल्लीकडच्या खिडकीशी हातांची एक खुर्ची. आधी ते अण्णा चालवायचे. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा त्यांच्या सुनेनं ते अंगावर घेतलं. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची. वहिनीचा हात आपल्यापेक्षा साफ आहे, हे अण्णा चारचौघांत कबूल करायचे. फरक एवढाच, की वहिनीला मरायला फुरसत नव्हती आणि अण्णांजवळ फुरसतीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

कवळी पक्की करण्याआधी ती मेणावर उभी करतात. गुलाबी मेणाचा पाया, त्यात एकेक दात खोचलेला. ती तशीच तोंडात घालून माणसाला बोलायला लावायचं, कारण आरशात मोत्यासारखे दिसणारे दात बोलताना शिट्टी वाजवतात. 'स' म्हणताना वरखालच्या दातांत किती फट राहते, 'फ' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर नेमके कुठे टेकतात, हे ऐकून दात केसभर मागेपुढे सरकवायचे. अण्णांची याची एक पद्धत होती. ते गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवायचे, हातात पाण्याचा पेला द्यायचे आणि म्हणायचे, "हं, सांगा आता. काहीही सांगा, पण स्वतःचं सांगा."

झालं, सकाळ गेली म्हणून समजा. दात लावायला आलेला माणूस पुरात वाहून गेलेल्या घरापासून सुरुवात करायचा आणि पळून गेलेल्या भावापर्यंत पोचायचा. अण्णा मान डोलवत ऐकायचे, मध्येच "थांबा" म्हणून एक दात मेणात हलवायचे, आणि कवळी परत तोंडात गेली की विचारायचे, "मग, भाऊ आला का परत?" दात तोंडाला नाही, बोलण्याला बसवायचे असतात, हे त्यांचं ठाम मत. वहिनीला मत पटायचं. पण बाहेर माणसं ताटकळलेली असायची, आणि भाऊ परत आला की नाही याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नसायचं.

तेव्हा दुकान हातात येताच वहिनीनं ही पद्धत मोडीत काढली. औषधात कालवून जिची कवळी पक्की करतात त्या गुलाबी पावडरच्या डब्यात एक सूचनांचा कागद यायचा. त्यातल्या मजकुरात स, श, फ, व अगदी ठासून भरलेले होते, जणू कुणी दात तपासायलाच लिहिला असावा. वहिनीनं तो मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर उतरवला आणि खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावला.

वापरण्यापूर्वी सूचना सावकाश वाचाव्यात. डबा थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा. पावडर आणि औषध सारख्या प्रमाणात मिसळावे. मिश्रण फसफसल्यास फेकून द्यावे. साचा शांतपणे दाबावा. एकदा घट्ट झालेले परत सैल होत नाही. शिल्लक राहिलेले साठवू नये.

आलेल्यानं बसायचं, हे वाचायचं, वहिनीनं शिट्टी कुठे वाजते ते ऐकायचं, एकदोन दात हलवायचे, संपलं. कुणी "मी तुला सांगतो पोरी, आमच्या वेळेला" असं सुरू केलंच, तर वहिनी हसून पुठ्ठ्याकडे बोट दाखवायची. म्हातारी माणसं ओशाळून वाचायला लागायची. धंदा दुपटीनं चालायला लागला, आणि वहिनीला त्याचा अभिमान वाटला नाही असं कोण म्हणेल? तिनं मेहनत केली होती.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. अण्णांची स्वतःची जुनी कवळी मोरीत पडून फुटली, आणि वहिनीनं खिडकीची काच पुसली.

काचेचं हे होतं, की खिडकीचं खालचं तावदान अण्णा कधीच कुणाला पुसू द्यायचे नाहीत. वरची काच रोज लख्ख असावी, पण खालच्या तावदानावर वर्षानुवर्षांची धूळ. कुणी फडकं घेऊन तिकडे वळलं की टेबलामागून आवाज यायचा, "फडकं ठेव खाली." लग्न होऊन आलेल्या नव्या नवरीनंही पहिल्याच सकाळी हे ऐकलं होतं, आणि सासरा विक्षिप्त आहे अशी मनाशी नोंद करून ती कामाला लागली होती. आता दुकान तिचं होतं. पुठ्ठ्यावर उजेड हवा होता. अण्णा केस कापायला गेलेले बघून तिनं स्पिरिटमध्ये बोळा बुडवला आणि काच आरशासारखी केली.

अण्णा परत आले आणि दारातच थांबले. मग काचेजवळ जाऊन बराच वेळ उभे राहिले. वळून ते काहीतरी बोलले, पण तोंडात दात नव्हते, नुसता हवेचा फसफसाट बाहेर आला. जवळ जाऊन कान दिला असता तर कळलं असतं. वहिनीच्या हातात साचा होता, तो गार व्हायच्या आत उघडायचा होता. "हो अण्णा," ती म्हणाली, आणि तिनं साचा उघडला.

पुढच्या दोनचार दिवसांत तिनं अण्णांची नवी कवळी केली. अण्णा खुर्चीत बसले, मेणाची कवळी तोंडात घेतली आणि पेल्यासाठी हात पुढे केला. मग त्यांचं लक्ष पुठ्ठ्याकडे गेलं. त्यांनी सुनेकडे बघितलं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना "स्वतःचं सांगा" म्हटलं, त्यानं निमूटपणे ते वाचून काढलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शिट्टी न वाजवता. वहिनीला वाटलं, चला, आपले दात पहिल्याच खेपेला बरोबर बसले.

आता वहिनीच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो घरोघर फिरून पाण्याच्या मीटरचे आकडे घ्यायचा. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आईचा विषय निघाला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. तो अगदी तान्हा, जेमतेम चालायला लागलेला असताना त्याची आई गेली. पुढे तो शाळेत जायला लागल्यावर एका आत्यानं भांडणाच्या भरात त्याला सांगून टाकलं होतं, की तुझ्या आईनं शेवटीशेवटी तुला जवळसुद्धा घेतलं नाही, तुझं तोंड बघायला नको म्हणाली. आत्या बोलून मोकळी झाली. पोरानं ते वाक्य जपून ठेवलं. अण्णा दर काही दिवसांनी जेवताना म्हणायचे, "तुझी आई ना," आणि तो म्हणायचा, "अण्णा, नंतर." ते नंतर कधी आलं नाही. वहिनीनं पुष्कळदा सांगून बघितलं, की एकदा ऐकून तर घ्या, ते आहेत तोवर आहेत, पण दगडावर डोकं आपटून उपयोग नव्हता.

नवी कवळी घालून अण्णा पहिल्यांदा जेवायला बसले, तेव्हा ते बरेच खुशीत दिसले. जेवण झालं, हात धुतले, आणि ते मुलाकडे वळले. नवरा उठायच्या बेतात होता.

"तुझी आई ना," अण्णा म्हणाले, आणि तोंड उघडं ठेवून क्षणभर थांबले. "डबा थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा."

नवरा हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं आज चेष्टा केली. वहिनीलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं, कारण तिनं अण्णांच्या डोळ्यांकडे बघितलं. अण्णांचे डोळे हसत नव्हते. पायाखालची पायरी अचानक नाहीशी झालेल्या माणसाचे असतात तसे ते झाले होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "पावडर आणि औषध सारख्या प्रमाणात मिसळावे," ते म्हणाले, आणि मग दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून घेतलं.

पाणी द्या, मीठ द्या, पंखा बंद करा, हे सगळं अण्णा नीट बोलायचे. आजचं सगळं ठीक होतं. मागचं काही बोलायला गेले की तोंडातून कागद बाहेर पडायचा.

वहिनीनं आधी मनाची समजूत घातली. वय झालंय, डोक्यात काहीतरी घोळ झाला असेल, डॉक्टरला दाखवू. डॉक्टरनं तपासलं आणि वयाच्या मानानं उत्तम आहेत म्हणून पाठवून दिलं. मग एक दिवस शिवणवाल्या आजींचा मुलगा दुकानात आला. आजींनी जन्मभर गल्लीचे कपडे शिवले होते आणि महिन्याभरापूर्वी वहिनीकडून कवळी करून घेतली होती. मुलगा आभार मानायला आला होता. आईच्या तोंडाचा पट्टा एकदाचा बंद झाला म्हणे. आधी रोज तेच ते पुराण, अमक्याचा कोट आणि तमक्याचा झगा, ऐकून ऐकून कान किटले होते. आता कशी निवांत असते.

"बोलतच नाहीत का?" वहिनीनं विचारलं.

"बोलते की. काहीतरी आपलं ठेवावे, मिसळावे, दाबावे. आम्ही कुठे लक्ष देतो."

वहिनीच्या हातातलं मेण गार होऊन गेलं. मुलगा गेल्यावर तिनं हातातलं काम तसंच टाकलं आणि ती बाहेर पडली.

औषधाच्या दुकानापुढे एक लांब बाक होता. उन्हं कलायला लागली की गल्लीतली म्हातारी मंडळी तिथे येऊन बसत. लांबून बघितलं तर नेहमीचंच दृश्य होतं. माना हलत होत्या, हातवारे चालले होते, बसवर जन्म काढलेले कंडक्टरकाका गुडघ्यावर थाप मारत होते. येणारेजाणारे त्यांच्याकडे न बघता पुढून जात होते, जसे ते नेहमीच जातात. वहिनी बाकाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मिश्रण फसफसल्यास फेकून द्यावे," कंडक्टरकाका सांगत होते. एखाद्या जुन्या प्रवाशाचा किस्सा सांगावा तसा त्यांचा सूर होता, वर जाणारा, मग एकदम खाली येणारा.

"एकदा घट्ट झालेले," शेजारची बाई म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले, "परत सैल होत नाही."

"शिल्लक राहिलेले साठवू नये," टोकाचे म्हातारबुवा हळूच म्हणाले, आणि सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या. सगळ्यांचे दात सारखे पांढरे, सारखे सरळ. सगळे वहिनीच्या हातचे. त्यांना एकमेकांचं कळत होतं की नाही देव जाणे. पण त्यांच्या नजरा एकमेकांना घट्ट धरून होत्या, आणि गल्लीत कुणालाही यात काही वावगं दिसत नव्हतं. या माणसांच्या घरांत महिना महिना हे चाललं होतं. एकाही घरातून कुणी विचारायला आलं नव्हतं. आभार मानायला मात्र आलं होतं.

घरी येऊन तिनं पुठ्ठा काढला, फाडला, चुलीत घातला. अण्णांची कवळी काढून घेतली. बोळक्या तोंडाजवळ तिनं कान नेला, आता तरी, आणि हिरड्यांमधून फसफसत आवाज आला तो तिला स्पष्ट कळला. वापरण्यापूर्वी सूचना सावकाश वाचाव्यात. तिनं नवी कवळी केली. ती घालताना भिंत कोरी होती, पेला हातात होता, आणि वहिनी खुर्चीसमोर जमिनीवर बसून म्हणाली, "अण्णा, स्वतःचं सांगा." अण्णांनी खूप प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी कोऱ्या भिंतीकडे बघून सगळ्या ओळी म्हटल्या, एकही न चुकता.

त्या दिवसापासून अण्णांनी बोलणं कमी केलं. जेवणही कमी झालं. दुपारभर ते खिडकीशी बसायचे आणि स्वच्छ काचेतून गल्ली बघायचे. वहिनीला दिसत होतं, की माणूस आवरतं घेतोय. तिच्या जिवाला एकच घोर लागला. सासूबाईंचं जे काही होतं ते जगात फक्त या एका तोंडात होतं. ते तोंड तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं, आणि नवरा ते एक वाक्य उराशी धरून म्हातारा होणार होता. तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू थकली आहेस, झोप काढ.

मार्ग सापडला तो शिवणवाल्या आजींच्या घरी, आणि तोही अपघातानं. वहिनी आजींची कवळी बघायच्या निमित्तानं गेली होती. आजी मशीनजवळ बसून कागद म्हणत होत्या. त्या काय सांगायच्या, हे वहिनीनं मुलाला विचारलं, तर तो डोकं खाजवायला लागला. रोज ऐकलेलं होतं, पण ऐकलेलं नव्हतं. बराच विचार करून तो म्हणाला, कुठल्यातरी नवऱ्या मुलासाठी निळा कोट शिवला होता, असं काहीतरी होतं.

"साचा शांतपणे दाबावा," आजी म्हणाल्या, आणि अडखळल्या. भुवया जवळ आल्या. "कोट करडा असावा."

मुलाच्या काही लक्षात आलं नाही. वहिनी मात्र जागच्या जागी ताठ झाली, कारण कागद तिला पाठ होता आणि कागदात कोट नव्हता. ती घाईघाईनं म्हणाली, "हो हो, करडा. आणि तो नवरा मुलगा उंच होता ना?"

"बुटका असावा," आजी चिडून म्हणाल्या. "बाह्या दोनदा आखूड कराव्यात."

आपली गोष्ट दुसऱ्यानं चुकीची सांगितली की म्हातारं माणूस मरणाच्या दारातूनही मागे वळतं आणि म्हणतं, तसं नव्हतं ते. ही साधी गोष्ट घराघरांत सगळ्यांना माहीत असते. पण चुकीचं सांगायलासुद्धा थोडंफार ऐकलेलं असावं लागतं. वहिनीनं मुलाला बजावलं, की रोज आईजवळ बस आणि आठवेल ते चुकीचं सांगत जा. तो हो म्हणाला. बसला की नाही, ठाऊक नाही.

रविवारी दुपारी तिनं नवऱ्याला दुकानात बोलावलं. दार लोटून घेतलं. अण्णा खिडकीशी खुर्चीत होते, हातात पेला, आणि ओठ हलत होते. आवाज इतका बारीक झाला होता, की जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. नवरा टेबलाला टेकून उभा राहिला, जबड्यांच्या फळीकडे पाठ करून.

वहिनीनं स्वतः सुरुवात केली. सासूबाई उंच होत्या म्हणाली, गोऱ्या होत्या म्हणाली, शिकलेल्या होत्या म्हणाली. अण्णा आपलं म्हणत राहिले, डबा थंड, कोरड्या. ती मनानं रचत होती आणि ते अण्णांना कळत असावं. खोटं आणि चुकीचं यांत फरक असतो. शेवटी ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही सांगा."

"मला काय माहीत आहे?"

"आत्यांनी सांगितलं ते."

नवऱ्याचा चेहरा कठीण झाला. ते वाक्य त्यानं बायकोलाही एकदाच सांगितलं होतं, आणि तेही पाठ फिरवून. गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली. मग तो अण्णांकडे न बघता, मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसा म्हणाला, "आईनं मला शेवटी जवळ घेतलं नाही. तिला माझं तोंड बघायचं नव्हतं."

अण्णांचे ओठ थांबले.

"मुलाला आत आणू नये," अण्णा म्हणाले.

नवरा सरळ झाला. "ऐकलंस? झालं समाधान?" तो दाराकडे निघाला. वहिनीनं त्याची बाही धरली.

"थांबा," ती म्हणाली. "कागदात हे नाही."

"आजार फुफ्फुसाचा आहे," अण्णा म्हणाले. सूर तोच, कागदाचा, सपाट. पण शब्द कुठून तरी खोलातून, एकेक करून, ओढून काढल्यासारखे येत होते. "मुलाला आत आणू नये. खाट खिडकीला लावावी. मुलाला बाहेरून आणावे. गल्लीत उभे राहून उचलून धरावे." ते थांबले. पेल्यातून एक घोट घेतला. "रोज आणावे. तिने सांगितले आहे, रोज आणावे."

नवरा जिथे होता तिथेच उभा राहिला.

"मूल रडल्यास तिने हसून दाखवावे. खोकला आल्यास तोंड फिरवावे. मग परत हसावे." अण्णांचे डोळे वाहत होते, आणि चेहरा अगदी स्थिर होता. "मूल काचेला तोंड लावते. लावू द्यावे. आतून तिने त्याच जागी तोंड लावावे. ती गेल्यावर खाट हलवावी. अंथरूण जाळावे. कपडे जाळावेत. शिल्लक राहिलेले..." तिथे ते अडले. जबडा हलला, नुसताच हलला. वहिनीच्या मनात ती ओळ आपोआप पुरी झाली आणि तिला स्वतःचाच तिटकारा आला. पण अण्णांनी मान हलवली, नाही, नाही, आणि खिडकीच्या खालच्या तावदानाकडे बोट केलं. "काच पुसू नये."

काच लख्ख होती. दुपारचं ऊन तीतून सरळ जमिनीवर पडलं होतं, मध्ये धुळीचा एक कण नव्हता. वहिनीला एकेक आठवत गेलं. बोळा, स्पिरिट, तो फसफसाट, आणि आपण म्हटलेलं "हो अण्णा". तिला कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणी घातल्या नाहीत.

नवरा हळूहळू खिडकीपाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला, तेव्हा त्याचं तोंड बरोबर त्या तावदानासमोर आलं. त्यानं काही शोधलं नाही. तो नुसता बघत राहिला, आणि त्याचा श्वास काचेवर लागून वाफ धरायला लागली.

वाफेत एक जागा कोरी राहिली.

आधी वहिनीला वाटलं, काच खराब असेल. तिनं नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं. ओठांचा आकार होता. लहान, गुबगुबीत, काचेच्या बाहेरच्या अंगाला. आणि त्याच्याभोवती, आतून, दुसरा, मोठा, किंचित वर वळलेला, हसणाऱ्या तोंडाचा असतो तसा. स्पिरिटनं डाग पुसण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, स्पिरिटपुढे कशाचाही मागमूस राहत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ती काच तिनं स्वतः पुसली होती. वाफ विरली, तसे ओठ विरले. नवऱ्यानं पुन्हा श्वास सोडला. ते परत आले, जसेच्या तसे. बाहेर गल्लीत कुणी नव्हतं, तरी काचेच्या त्या जागी पलीकडूनही वाफ धरली होती, हे वहिनीनं बघितलं आणि पुढे कधीही कुणाला सांगितलं नाही.

नवरा रडत होता. लहान मुलाला आवरत नाही तसं त्याला आवरत नव्हतं. त्याच्या श्वासाचं पाणी झालं, आणि एक थेंब काचेवरून त्या ओठांच्या दिशेनं घरंगळायला लागला. वहिनीचा हात वर्षांच्या सवयीनं स्वतःच्या खांद्यावरच्या फडक्याकडे गेला, आणि थेंब टिपायला ती पुढे वाकली.

"फडकं ठेव खाली," अण्णा म्हणाले.